निळ्या दोऱ्याची फुली

"हे ओळखता का, सिस्टर?"

बिराजदार वकिलांनी टेबलावरून एक फोटो माझ्याकडं सरकवला. काचेच्या बरणीत हातरुमालाएवढं एक कापड होतं, पिवळं पडलेलं, चुरगळलेलं. माप कळावं म्हणून शेजारी फूटपट्टी ठेवली होती.

ते काय आहे हे मला फोटो न बघताही माहीत होतं. तोवर निम्म्या बार्शीला माहीत झालं होतं. केशर वाघमोडे नावाच्या बाईची गर्भपिशवी आमच्या हॉस्पिटलात काढली होती, आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी सोलापूरच्या डॉक्टरांनी तिच्या पोटातून हे कापड काढलं. कापड आतड्याला चिकटलं होतं, म्हणून आतड्याचा वीतभर तुकडाही कापावा लागला. तिनं सोलापूरच्या ग्राहक मंचात आमच्या डॉक्टरांवर दावा लावला होता. डॉक्टरांचा विमा होता आणि बिराजदार हे विमा कंपनीनं दिलेले वकील.

"मॉप आहे," मी म्हणाले. "पोट उघडलं की रक्त टिपायला वापरतात."

"ते मला आता पाठ झालंय. तुमचा आहे का, ते सांगा."

मी फोटो डोळ्यांजवळ नेला. कापडाचा एक कोपरा बरणीच्या काचेला टेकला होता. त्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढी एक फुली होती. निळा रंग उडून राखाडी झाला होता, पण टाका जागच्या जागी होता.

ती फुली मी ओळखली. फोटो मी होता तसा खाली ठेवला.

"फोटोवरून काय सांगणार?"

"बरोबर," वकील खूश झाले. "अगदी हेच उत्तर मंचापुढं द्यायचं. डॉक्टर, तुम्हाला काही वाटतं?"

डॉक्टर वैरागकरांनी फोटो घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "चष्म्याचा नंबर बदललाय," ते म्हणाले आणि फोटो पालथा ठेवला. ज्या माणसाला टाका घालताना केसाएवढी शीर दिसायची, त्याचा नंबर नेमका त्याच दिवशी बदलला होता.

गोष्ट नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. मिरजेला नर्सिंग शिकून आले होते आणि बारा वर्षं वैरागकर हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उभी होते. वीस खाटांचं हॉस्पिटल, एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक आया. डॉक्टर माणूस चांगला. गरिबाचं बिल कमी करायचा, पेशंट घरी गेला की स्कूटरवरून जाऊन टाके बघून यायचा. पण डॉक्टरसुद्धा ग्राहक कायद्यात येतात असा निकाल झाल्यापासून सगळ्या डॉक्टरमंडळींनी धसका घेतला होता. आमच्या डॉक्टरांनीही विमा उतरवला, आणि पॉलिसीचा कागद देवघरातल्या फोटोमागं ठेवला.

बिराजदारांनी तो कागद आता टेबलावर पसरला.

"नीट ऐका. एका प्रकरणाला जास्तीत जास्त पाच लाख, ही तुमच्या पॉलिसीची मर्यादा. बाईंचा दावा चार लाख ऐंशी हजारांचा. म्हणजे डॉक्टर, हरलो तरी तुमच्या खिशाला चाट नाही. पण त्याला एक अट आहे. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय तुम्ही चूक कबूल करायची नाही. माफी मागायची नाही, भेटायला जायचं नाही, शहाळं पाठवायचं नाही. तुमच्या तोंडून एक शब्द गेला की कंपनी हात वर करणार. मग पाच लाख तुमचे तुम्ही बघा."

"मी जाणार होतो तिला बघायला," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच मी आज आलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, डॉक्टर. इथं तर पाच लाखांची आहे."

मग त्यांनी बचाव समजावून सांगितला. केशरबाईचं सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा खेड्यातल्या शिबिरात कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं होतं. कापड तिथलं नाही कशावरून? आणि आमच्याकडं तर लेखी पुरावा होता. थिएटरच्या रजिस्टरात त्या दिवसापुढं माझ्या अक्षरात लिहिलं होतं: मॉप दिले दहा, परत आले दहा, मोजणी पूर्ण. खाली माझी सही.

"हे रजिस्टर म्हणजे आपली ढाल आहे," वकील म्हणाले. "सिस्टर, तुमचं प्रतिज्ञापत्र मी तयार करून आणतो. दहा दिले, दहा घेतले, एवढंच. खोटं काही नाही ना त्यात?"

"नाही," मी म्हणाले. आणि खरंच, त्यात खोटं काहीच नव्हतं. दहा मी स्वतः मोजून घेतले होते.

"आणि आपल्याला घाई नाही. घाई त्यांना आहे. सोलापूरच्या बिलापायी नवऱ्यानं शेवयाची मशीन विकायला काढलीय म्हणतात. घाईतला माणूस लवकर थकतो."

ती मशीन बार्शीत कुणाला माहीत नव्हती? उन्हाळा लागला की बायका डोक्यावर रव्याची पातेली घेऊन केशरबाईच्या दारात रांग लावायच्या. नवरा टेम्पो चालवायचा, पण घर चालायचं त्या मशीनवर. मीच दोन उन्हाळे तिच्याकडं शेवया केल्या होत्या. आमच्या हॉस्पिटलात तिला आणलंही मीच होतं. 'आमच्या डॉक्टरांच्या हाताला यश आहे,' असं मीच तिला सांगितलं होतं.

वकील गेल्यावर डॉक्टरांनी मला जिन्यापाशी गाठलं.

"सिस्टर, तुम्ही मला काही सांगू नका."

"मी कुठं काय म्हणतेय, सर?"

"मला कळलं तर मला बोलावं लागेल. मी बोललो तर पाच लाख मी भरायचे. वरच्या मजल्याचं कर्ज अजून डोक्यावर आहे." ते माझ्याकडं बघत नव्हते. "उद्या सगळे जुने मॉप जाळून टाका. जंतुसंसर्गाचा प्रश्न आहे. बाजारातून तयार पाकिटं मागवलीत."

बारा वर्षांत त्या माणसाला जंतुसंसर्गाची एवढी काळजी वाटलेली मी पहिल्यांदा बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या मागं कचऱ्याच्या टाकीत मी दोन ड्रम भरून मॉप जाळले. एकूण एक मॉपच्या कोपऱ्यात निळी फुली होती.

ती फुली पुतळामावशीची. पुतळामावशी आमची आया, माझ्याआधीपासून तिथं होती. डॉक्टर जाळीचं सुती कापड तागानं आणायचे. मावशी ते कापायची, चार घड्या घालून कडा शिवायची, म्हणजे सुटा धागा पेशंटच्या पोटात राहायला नको. हिरव्या-निळ्या गाउनचा उरलेला दोरा वापरायची आणि शेवटी कोपऱ्यात फुली घालायची. अक्षरओळख नव्हती, तर फुली हीच तिची सही. गोधडीवर फुली, पिशवीवर फुली, मॉपवर फुली. मापात चुकलेले मॉप ती न वापरता आम्हाला घरी द्यायची, दही टांगायला नाहीतर पीठ झाकायला.

मॉप तयार झाले की पाच-पाचाचे गठ्ठे बांधायचे, ड्रममध्ये वाफेवर निर्जंतुक करायचे, आणि थिएटरमध्ये गठ्ठ्यानं द्यायचे. भिंतीला पाच-पाच हुकांच्या रांगा होत्या. वापरलेला मॉप परत आला की हुकाला लावायचा. पोट शिवायच्या आधी डॉक्टर विचारायचे, "मॉप?" मी हुकांकडं बघून म्हणायचे, "पूर्ण." त्या एका शब्दावर डॉक्टर पोट बंद करायचे.

जाळून झाल्यावर मी मावशीला शोधलं. ती कपडे वाळत घालायच्या दोरीखाली रिकामी बसली होती.

"माजं काम काढून घेतलं म्हनं," ती म्हणाली. "पाकिटातलं मॉप आनलं. त्याच्या कडा बघितल्यास का? मशीनवर शिवल्यात, बोटानं उसवत्यात."

"मावशी, एक विचारते. खरं सांग."

"मी कवा खोटं सांगितलंय तुला?"

"वाघमोड्यांच्या केशरचं ऑपरेशन. दोन गठ्ठे उघडले होते. दहा मॉप दिले, दहा परत आले. तरी तिच्या पोटातून तुझी फुली निघाली. कसं शक्य आहे?"

मावशीला पहिल्यांदा समजलंच नाही. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "दहा कसं? अकरा असतील की."

"अकरा?"

"मोठं ऑपरेशन असलं की मी एका गठ्ठ्यात एक वर घालते. पिशवीच्या ऑपरेशनला रगात लई जातं. मागं एकदा कमी पडला तर डाक्टर तुझ्यावर किती वराडलं हुतं, आठवतंय न्हवं? तवापासनं म्हनलं, पोरीला बोल नको. कमी पडन्यापरीस एक वर असलेला बरा."

बाजारात भाजीवाली मोजून झाल्यावर एक वांगं वर टाकते, आहेराच्या पन्नासावर एक रुपया ठेवतात, तसा मावशीनं मायेनं एक मॉप वर टाकला होता. पाचाचा गठ्ठा सहाचा झाला. दहा मोजून परत घेतले आणि अकरावा केशरच्या पोटात राहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"आता! तुला ठावं न्हवतं व्हय?" मावशी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "किती येळा तूच भाईर येऊन म्हनलीस, मावशी, आज एक जास्तच निघाला. आन् आपुन दोघी हसलो."

तिचं म्हणणं खरं होतं.

तीन वेळा. मला तिन्ही वेळा आठवल्या. रांगेत पाच हुक आणि सहावा मॉप माझ्या हातात. मी तो बादलीत टाकून "पूर्ण" म्हटलं होतं. कमी निघाला असता तर मी थिएटर डोक्यावर घेतलं असतं, टेबलाखाली शिरले असते, डॉक्टरांना शिवू दिलं नसतं. जास्त निघाला तर कोण विचारतं? जास्त झाल्यानं कुणाचं काय बिघडतं? मिरजेला आम्हाला पहिला धडा दिला होता, गठ्ठा सोडायचा, आधी मोजायचं, मगच द्यायचा. आपल्याच मावशीनं बांधलेला गठ्ठा काय सोडून बघायचा, म्हणून मी कधीच सोडला नाही. मावशीनं एक वर टाकला ती माया होती. मी मोजला नाही तो निव्वळ आळस होता.

मावशीला आता सगळं उमगलं. तिचा चेहरा पडला.

"मी जाऊन सांगते तिला. पाया पडते."

"तू कुठं जायचं नाहीस. तू बोललीस तर डॉक्टर गेले, आणि तुझी म्हातारपणी भाकर गेली."

"मग त्या लेकराबाळाच्या बाईचं काय?"

तेच तर होतं. माझ्या सहीचं रजिस्टर पुढं करून आम्ही जिंकणार होतो आणि केशरची मशीन जाणार होती. खोटं न बोलता एका बाईला आयुष्यातून उठवायची सोय आम्ही केली होती.

मावशीनं त्या दिवसापासून सुई हातात धरली नाही. फाटलेलं लुगडंही शेजारणीकडून शिवून घ्यायची.

रविवारी मी दोन शेर रवा भिजवला, मळला, पातेल्यात घातला. झाकायला फडकं शोधताना फडताळात मावशीनं दिलेला मॉप हाताला लागला. मापात चुकलेला, कधी न वापरलेला, पांढराशुभ्र. कोपऱ्यात निळी फुली ठसठशीत. डॉक्टरांनी जाळायला सांगितलेल्यांत हा नव्हता, कारण हा माझ्या घरचा होता. मी तो पातेल्यावर पसरला, फुलीचा कोपरा वर येईल असा, आणि वाघमोड्यांच्या गल्लीची वाट धरली.

वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. माझा मुलगा तेव्हा दहावीत होता, नवऱ्याची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. घर माझ्या पगारावर होतं. कुणाला कळलं असतं तर बार्शीतल्या कुठल्याच हॉस्पिटलानं मला दारात उभं केलं नसतं.

मशीनवर केशरची जाऊ होती. केशर ओसरीवर उशीला टेकून बसली होती आणि तोंडानं सगळं चालवत होती. वीस किलोंचं पातेलं एका हातानं उचलणारी बाई. आता लुगड्याच्या निऱ्या पोटाला लागू नयेत म्हणून नुसताच गाउन घालून बसली होती.

मला बघून ती गप्प झाली. जाऊही थांबली.

"शेवया करायच्यात," मी म्हणाले.

"आमच्याकडं? दुसरीकडं मशीनी न्हाईत व्हय गावात?"

"आहेत. पण मला इथंच करायच्यात."

मी पातेलं तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं रागानंच त्याच्याकडं बघितलं. मग नजर फडक्यावर गेली. तिनं हात पुढं केला, फुलीवर बोट ठेवलं, पुन्हा एकदा ठेवलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी ती बरणी तिच्या हातात दिली होती. तिच्या वकिलाकडं जाईपर्यंत चार दिवस ती घरात देवळीत होती. हे मला तिनं नंतर सांगितलं.

"जाऊबाई, जरा पानी आना," ती म्हणाली. जाऊ आत गेली.

"ही कुनाची?"

"आमच्या हॉस्पिटलात असेच करतात. करत होते. परवा सगळे जाळले."

केशरनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग विचारलं, "मोजतंय कोन तुमच्यात?"

वकिलांनी बजावलं होतं, तोंडातून शब्द नाही. पण विमा डॉक्टरांचा होता, अट डॉक्टरांना होती. माझ्या नावानं कुणी एक रुपयाचा विमा उतरवला नव्हता. मला कसली बंदी?

"मी," मी म्हणाले. "त्या दिवशी मीच मोजले. मी दहा समजले, ते अकरा होते. गठ्ठा सोडून बघितला नाही. चूक माझी आहे, केशरबाई."

"म्हंजे एक जास्त हुता, म्हनून ऱ्हायला?"

"हो."

"आन् कमी असता तर?"

"तर सापडला असता. आम्ही शोधला असता."

तिला हसू आलं. हसताना तिनं दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं आणि हसतानाच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अकरा म्हैने," ती म्हणाली. "अकरा म्हैने मला सगळी म्हनायची, गॅस हाय. सासू म्हनायची, काम नको म्हून सोंग करतीया. नवऱ्यानं देवरुषी आनला. मला बी वाटाया लागलं, माजंच डोकं फिरलंय. आन् ह्यो एक वरचा."

मी रडले नाही. माझा रडायचा हक्क नव्हता असं मला वाटलं, अजूनही वाटतं. मी तिथंच बसून राहिले. जाऊनं पाणी आणलं, तेवढं प्यायले.

निघताना केशरनं फडकं घडी घालून उशीखाली ठेवलं. "हे ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी."

"राहू दे. पण मला हॉस्पिटलातली म्हातारी सांभाळायचीय. तिच्यापर्यंत कुणाला जाऊ देऊ नका. विचारायचं ते मला विचारा."

"आन् शेवयाचं?"

"त्या करून घेऊनच जाते," मी म्हणाले. आणि खरोखरच दोन तास बसून शेवया करून नेल्या. माणूस कसल्या वेळी कसली कामं उरकतो.

तीन आठवड्यांनी बिराजदार वकील पुन्हा आले. या वेळी फोटोबरोबर तिच्या वकिलाचं पत्र होतं. सोबत एक न वापरलेला मॉप मंचापुढं दाखल केला होता, आणि विचारलं होतं, ही फुली कुणाच्या हॉस्पिटलात घालतात, ते थिएटरच्या सिस्टरनं शपथेवर सांगावं.

"त्यांच्याकडं हे गेलं कसं?" वकिलांनी मला विचारलं. डॉक्टर शेजारी बसून पेपरवेट फिरवत होते.

"मी शेवयाचा रवा झाकून नेला होता," मी म्हणाले. "फडकं तिथंच राहिलं."

"राहिलं?"

"राहतं एखाद्या वेळी."

हे बोलले तेव्हा त्यातला दुसरा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. डॉक्टरांच्या हातातला पेपरवेट थांबला तेव्हा आला.

वकिलांनी पेन बंद केलं. "सिस्टर, शपथेवर विचारलं तर काय सांगाल?"

"जे आहे ते. फुली आमची. मॉप आमचा."

"आणि रजिस्टर?"

"दहा मोजले ते खरं. गठ्ठे सोडून मोजले नव्हते, तेही खरं. तेही सांगेन."

मला वाटलं, आता घरी जायला सांगणार. बिराजदार डॉक्टरांकडं वळले. त्यांचा आवाज बदलला होता. ते चिडतील असं मला वाटलं होतं, तर त्यांच्या बोलण्यात चक्क सुटल्याचा भाव होता.

"शिबिराचा मुद्दा गेला. आता लढण्यात अर्थ नाही. तुम्ही स्वतः काही कबूल केलेलं नाही ना, डॉक्टर?"

"मी त्या बाईचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. असं सांगायची वेळ आली याची त्यांना लाज वाटत होती, ते स्पष्ट दिसलं.

"मग तुमची पॉलिसी शाबूत आहे. मी कंपनीला तडजोडीचं लिहितो."

वकील गेले. मी ट्रे उचलला. डॉक्टरांनी मागून हाक मारली.

"सिस्टर."

"सर?"

"शेवया चांगल्या झाल्या का?"

"झाल्या, सर."

त्यांनी मान हलवली. त्या विषयावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. त्यांनी मला काढलं नाही आणि मी सोडलं नाही.

संक्रांतीच्या आधी तडजोड झाली. कंपनीनं तीन लाख दहा हजार दिले. कागदावर लिहिलं होतं, 'कोणतीही चूक मान्य न करता.' डॉक्टर वैरागकरांच्या नावावर डाग पडला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवरून वाघमोड्यांच्या गल्लीत गेले. आता अट संपली होती. केशरनं त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि ते उठेपर्यंत एक शब्द बोलली नाही. हे मला तिच्या जावेनं सांगितलं.

मशीन राहिली.

थिएटरमध्ये मी त्यानंतर आणखी सोळा वर्षं उभी होते. कारखान्यातून आलेलं मोहोरबंद पाकीटही मी फोडून, सगळ्यांसमोर मोठ्यानं मोजून मगच द्यायचे. नव्या पोरी कंटाळायच्या. "मॉप?" असं डॉक्टरांनी विचारलं की मी "पूर्ण" हा शब्द पुन्हा कधी उच्चारला नाही. दिले किती, आले किती, दोन्ही आकडे सांगायचे.

पुढच्या उन्हाळ्यात, अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी, केशर हॉस्पिटलात आली. पायरी चढताना कठड्याला धरत होती, पण एकटी आली होती. मी बाकावर जागा करून दिली. तिनं पिशवीतून एक पुडकं काढलं. वाळलेल्या शेवयांच्या जुड्या, आणि वर झाकायला तोच मॉप, धुऊन इस्त्री केलेला.

"वकिलाकडनं परत मिळाला," ती म्हणाली. "तुमचा तुमाला."

"शेवया कशाला?"

"मशीनच्या पैल्या घान्याच्या हायत. घ्या." ती उठली. मग कठड्याला धरून वळली आणि म्हणाली, "मोजून घ्या, सिस्टर."

बाकावर पेशंट बसले होते, पुतळामावशी दारात फडकं घेऊन उभी होती. मी त्या सगळ्यांसमोर पुडकं सोडलं. एकेक जुडी काढून बाकावर ठेवली. पाच झाल्या. पुडक्याच्या तळाशी हात घातला, तर आणखी एक होती.

मी पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"सहा," मी मोठ्यानं म्हणाले.

"हां," केशर म्हणाली, आणि एकेक पायरी उतरत गेली.